योजना आहे म्हणे!

रात्री अकराला होस्टेलच्या खोलीत फोन वाजतो. गावाहून मोठा भाऊ बोलत असतो. "बाबाच्या छातीत दुखून रायलं. इथला डॉक्टर म्हणते यवतमाळले न्या. तू तं तिथंच आहे, जरा पाय ना, ते पाच लाखाची योजना आहे म्हणे!"

आज या 'म्हणे'बद्दलच लिहायचं आहे.

हा किंवा असा फोन तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. घरातलं पहिलं पोरगं कॉलेजात गेलं की पीकविमा, केवायसी, स्कॉलरशिप आणि दवाखाना ही सगळी खाती त्याच्याकडे येतात. आपण मोबाइल काढतो. एक बातमी म्हणते सगळ्यांना मोफत. दुसरी म्हणते फक्त पिवळं आणि केशरी कार्ड. तिसरी उघडली तर ती २०१७ची निघते. तोवर गाडी यवतमाळच्या वेशीला लागलेली असते आणि भाऊ पुन्हा विचारतो, "सांग ना बे, सरकारीत नेऊ का खासगीत?"

लोकांना माहिती नसते, लोक अडाणी आहेत, असं म्हणणं सोपं आहे. पण हा गोंधळ लोकांनी केलेला नाही. जरा क्रम बघा. २ जुलै २०१२ला 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होतं, गडचिरोली होतं, यवतमाळ नव्हतं. आपला नंबर नोव्हेंबर २०१३मध्ये लागला. १ एप्रिल २०१७पासून नाव बदलून 'महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना' झालं. २०१८मध्ये केंद्राची 'आयुष्मान भारत' आली, तिचं कार्ड वेगळं, यादी वेगळी. मधल्या काळात आत्महत्याग्रस्त म्हणून नोंदलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर लाभ मिळू लागला. त्या यादीत मात्र यवतमाळचं नाव न विसरता घातलेलं होतं!

मग जून २०२३मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की दीड लाखाची मर्यादा पाच लाख करायची आणि राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना योजनेत घ्यायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठी बातमी. प्रत्यक्ष अंमलबजावणी कधी? १ जुलै २०२४पासून. म्हणजे वर्षभर बातमी खरी होती आणि काउंटरवरचा नकारही खरा होता. त्या वर्षात ज्यानं कात्रण दाखवून भांडण केलं आणि शेवटी व्याजानं पैसे आणले, तो आता कोणत्याही नव्या घोषणेवर विश्वास ठेवेल का? 'म्हणे' हा शब्द तिथून येतो.

अजून एक गुंता खास आपल्या जिल्ह्याचा. १५ ऑगस्ट २०२३पासून सरकारी दवाखान्यात तपासणी-उपचार मोफत झाले, ही बातमीही खरीच. पण निर्णय होता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय. आणि यवतमाळला सगळा जिल्हा ज्या मोठ्या दवाखान्यात येतो, ते वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं! २०१७मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेकडो शेतकरी-शेतमजूर आजारी पडले, तेव्हा त्यांना तिथंच आणलं गेलं. तेव्हा कोणी विभाग विचारला नव्हता. पाटीवर दोन्हीकडे 'शासकीय' असंच लिहिलेलं असतं. पेशंटच्या माणसानं हा फरक कसा ओळखायचा?

हे सगळं चाललं आहे शासन निर्णयांवर. जीआर निघतो, जीआर बदलतो. योजनेत बसलात तर मिळेल, नाही बसलात तर हात जोडा. हक्क म्हणून मागायचं तर कायदा लागतो, आणि तिथं आपली पाटी बरीचशी कोरी आहे. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१०चा. आरोग्य हा राज्याचा विषय, म्हणून तो राज्यानं स्वीकारावा लागतो. महाराष्ट्रानं स्वीकारला नाही, स्वतःचा नवा कायदाही केला नाही. आपल्याकडे चालतो तो १९४९चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा. जानेवारी २०२१मध्ये त्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही, असं त्यात आहे. पुढच्या वेळी खासगी दवाखान्यात गेलात की भिंतीकडे बघा. देवाचे फोटो दिसतील, डिग्र्या दिसतील. सनद दिसली तर आम्हाला फोटो पाठवा.

डॉक्टरांची धास्तीही खोटी नाही. मार्च २०२३मध्ये राजस्थाननं आरोग्य हक्काचा कायदा केला, देशात पहिला. आणीबाणीत पैसे न मागता उपचार करा, हे त्यात होतं. सर्वोच्च न्यायालयानं तर १९८९लाच सांगितलं होतं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं काम आहे. पण खासगी दवाखान्याला त्याचे पैसे कोण, कधी, किती देणार, हे राजस्थानच्या कायद्यात स्पष्ट नव्हतं. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि ४ एप्रिलला तडजोड झाली तेव्हा ५०पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर ठेवायचं ठरलं. आता वणी, उमरखेड, दिग्रसच्या दवाखान्यांचा आकार आठवा आणि ही अट इथं लावून बघा. कायद्यात उरेल कोण?

महाराष्ट्रानं आरोग्य हक्काचा कायदा करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण त्याचा मसुदा आधी साध्या मराठीत ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे, आणि पैसे कोण देणार हे त्यात आकड्यानिशी असलं पाहिजे. नाहीतर आणखी एक 'म्हणे' वाढेल.

तोवर रात्रीचा फोन येणारच. तेव्हा भावाला हे सांगा: रेशनकार्ड आणि आधार सोबत घे. निघता निघता १५५३८८ वर फोन लावून विचार की दवाखाना योजनेच्या यादीत आहे का आणि हा आजार बसतो का, कारण योजना सगळ्या दवाखान्यांत नाही आणि सगळ्या उपचारांना नाही. नागपूर किंवा सावंगीला हलवायला सांगितलं तर तिथलंही हेच विचार. पोचल्यावर बाबाला आत घेऊ दे, आणि तू आधी आरोग्यमित्राचं टेबल शोध. डिपॉझिट भरायच्या आधी, भरल्यावर नाही.