आक्षेप भाबडेपणाचा

‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’ या अमेरिकन प्रेमगीताचें नांव काढलें कीं आमचे रसज्ञ मित्र क्षमाशील स्मित करतात. त्यांच्या मतें हें गीत म्हणजे निव्वळ भाबडेपणा; आणि तें इतकीं वर्षें टिकलें तें जाहिरात व गतकाळाची हळहळ यांच्या जोरावर. हा निकाल आरोपीची जबानी न ऐकतां दिलेला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

जाहिरातीचें प्रथम पाहूं. पर्सी स्लेज हा अलाबामांतील एका रुग्णालयांत परिचारकाचें काम केलेला कृष्णवर्णीय तरुण. त्याचें हें ध्वनिमुद्रण १९६६ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील लोकप्रिय गीतांच्या यादींत अग्रस्थानीं पोंचलें. विजारींच्या जाहिरातीनें तें उचललें पुढें २१ वर्षांनीं, ब्रिटनमध्यें. आणि १९८७ सालीं तेथें तें दुसऱ्या क्रमांकावर गेलें. जाहिरातदार दिवाळखोराच्या दारीं उसनवारीस जात नसतो! हळहळीचें म्हणाल, तर १९९१ सालीं मायकेल बोल्टन यानें तेंच गीत गाऊन अमेरिकेंत पुन्हां पहिला क्रमांक मिळविला. त्याच्या तरुण श्रोत्यांपैकीं कित्येकांचा १९६६ सालीं जन्महि झालेला नव्हता; त्यांनीं हळहळावें तरी कशासाठीं?

उरला भाबडेपणा. गीत सांगतें काय? प्रेमांत पडलेला पुरुष पैसा उधळतो, जिवलग मित्राकडे पाठ फिरवितो, प्रियेचा दोष त्याला दिसत नाहीं, आणि ती फसवीत असली तर तें कळणारा तो शेवटचा. ही प्रेमाची भलावण नव्हे. हा नुकसानीचा जमाखर्च आहे. शिवाय आरंभीं हा पुरुष कोणी तिऱ्हाईत असतो. गीत पुढें सरकतें आणि गायक ‘मी’ म्हणूं लागतो. साक्षीस आलेला इसम आपल्या पायांनीं आरोपीच्या पिंजऱ्यांत जातो. भाबड्याला आपली फसगत दिसत नाहीं. याला ती दिसते, आणि तरीहि तो मागें फिरत नाहीं.

शब्द साधे आहेत, अलंकार नाहींत, हें मान्य. पण मर्म गाण्यांत आहे: संथ लय, ऑर्गनचे लांबविलेले सूर, आणि त्यांवर फाटावयाच्या बेतास आलेला तो आवाज. ‘सोल’ गायनाची ही रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आली. देवासाठीं फोडलेला टाहो येथें स्त्रीकडे वळला. ज्ञानदेवांच्या विराण्यांत प्रवास उलट दिशेनें होतो. तेथें विरहिणीची तळमळ देवाकडे वळते. ती वाचतांना आपण सद्गदित होतों, वर्गांत तिच्यावर तासन् तास बोलतों. मग तीच तळमळ ऑर्गनच्या साथीनें ऐकूं आली कीं उथळ कशी ठरते?

खरी अडचण निराळीच आहे. आपण सुशिक्षितांनीं संयम हेंच खोलीचें एकमेव लक्षण मानलें. प्रेमापायीं माझा विवेक गेला आणि मला त्याची लाज वाटत नाहीं, असें आपल्या घरांत आजोबा, वडील, मुलगा यांपैकीं कोणीहि बोलत नाहीं. तें कोणी तरी मोठ्यानें बोलावें, म्हणून लोक या गीताकडे पुन्हां पुन्हां येतात. मित्रांनीं खुशाल हसावें. मात्र एकदां दिवाणखान्यांत एकट्यानें बसून तें ऐकावें, आणि मग हसावें.