मोजलं त्यांनी, पुरावा मात्र आम्ही आणायचा

17 फेब्रुवारी 1881 च्या रात्री सरकारचे मोजणीदार देशभर दारोदार फिरत होते. घरांवर आधीच गेरूनं नंबर टाकून झाले होते. घरात कोण, वय काय, लग्न झालं का, धंदा कोणता, जात कोणती, सगळं विचारून तक्त्यात भरलं गेलं. पुढे 1891, 1901, 1911, 1921, 1931 ला तेच. आमच्या मध्य प्रांताला तर त्याहूनही आधी घाई झाली होती. नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा होऊन जेमतेम बारा वर्षं झाली, तोच 5 नोव्हेंबर 1866 ला या मुलखाची शिरगणती उरकली. म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला त्याची जात सरकारनं निदान सात वेळा त्याच्याच उंबरठ्यावर विचारली आणि आपल्याच हातानं लिहून घेतली.

आता पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्याच्या एखाद्या पोराला जात पडताळणी करायची असते. तो अर्ज घेऊन जातो. खिडकीतून उत्तर येतं, “बापाचा नाही चालत. आज्याचा आना. पन्नासच्या आधीचा.”

मग माझा साधा प्रश्न आहे. आज्याचा कागद तुम्हीच तर नेला होता. तो कुठं आहे?

तो रद्दीत गेला. जनगणनेचे घरोघरचे तक्ते बेरजा होईपर्यंत ठेवायचे आणि मग निकाली काढायचे, हीच इंग्रजांच्या काळापासूनची रीत. 1901 पासून चिठ्ठ्यांची पद्धत आली. तक्त्यावरून माणशी एक चिठ्ठी उतरवायची, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे, गठ्ठे मोजायचे, आकडा छापायचा. आकडा छापला की माणसाचं काम संपलं. उरले ते जाडजूड अहवाल. 1901 चा आर. व्ही. रसेलचा, 1911 चा मार्टेनचा, 1921 चा रफटनचा, 1931 चा शूबर्टचा. हे अहवाल आज संगणकावर फुकट वाचता येतात आणि वाचावेत असेच आहेत. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती, किती आंधळे, किती विधवा, किती साक्षर, सगळं आहे. फक्त तुमचा आजा नाही. तो एका बेरजेत विरघळला आहे.

परदेशी गेलेली आपली पोरं मला विचारतात, “काका, 1921 ची जनगणना ऑनलाइन कुठं मिळेल? पणजोबांचं नाव टाकून बघायचं आहे.” त्यांचा दोष नाही. ती ज्या देशात राहतात तिथं हे खरोखर होतं. इंग्लंडचे 1921 चे कुटुंबवार तक्ते शंभर वर्षं कुलपात राहिले आणि जानेवारी 2022 मध्ये खुले झाले. अमेरिकेत 72 वर्षांचा नियम आहे. 1950 ची जनगणना 1 एप्रिल 2022 ला खुली झाली. त्यांच्याकडेही भोकं आहेत. इंग्लंडचे 1931 चे तक्ते 1942 च्या आगीत गेले, अमेरिकेचे 1890 चे बहुतेक कागद 1921 च्या आगीत जळाले किंवा खराब झाले. पण ते अपघात होते. लोक अजून त्याबद्दल हळहळतात. आपल्याकडे आग लागलीच नाही. आपल्याकडे हे धोरण म्हणून झालं, आणि त्याबद्दल हळहळणारा अधिकारी मला अजून भेटायचा आहे.

आणि स्वतंत्र भारतानं काय केलं? 1948 चा जनगणना कायदा केला. त्याचं कलम 15 वाचा. जनगणनेचं कोणतंही पुस्तक, नोंदवही, तक्ता पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि त्यातली नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालणार नाही. जिवंत माणसाच्या घरातली माहिती गुप्त राहिली पाहिजे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. ती हमी नसेल तर कोणी खरं सांगणार नाही. पण 1911 साली सांगितलेली माहिती आज कोणापासून लपवायची आहे? सांगणारा गेला, लिहिणारा गेला, राज्यही गेलं. इंग्लंडनं गुप्ततेला शंभर वर्षांची मुदत घातली, अमेरिकेनं बहात्तरची. आपण मुदत घातलीच नाही. घालणार कशावर? कागदच ठेवले नाहीत.

हे सगळं नुसत्या हौसेपुरतं असतं तर मी एवढा तापलो नसतो. घराणं शोधणं ज्यांचा छंद आहे त्यांचं बरं चाललं आहे. त्यांच्याकडे सनदा आहेत, इनामाचे कागद आहेत, छापील कुलवृत्तांत आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत त्यांच्या सात पिढ्यांच्या सह्या आहेत. कोंढ्याच्या माणसाला वंशावळ लागते ती पोरीचा वैद्यकीयचा प्रवेश टिकावा म्हणून, सरपंचपद जाऊ नये म्हणून, लागलेली नोकरी राहावी म्हणून. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, जमातीला 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासांना 13 ऑक्टोबर 1967. या तारखांच्या आधी तुमचं कुटुंब महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत होतं आणि त्याची जात अमुक होती, हे तुम्ही दाखवायचं. न्यायालयांनीही सांगून ठेवलं आहे की स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाचं वजन सर्वांत जास्त. रास्त आहे. पण स्वातंत्र्यापूर्वीचा सर्वांत भरभक्कम कागद, ज्यात भूमिहीन होता, बाई होती, शाळेचं तोंड न पाहिलेलं पोर होतं, तो सरकारनं मोडीत काढला. सावकारानं स्वतःची वही जाळायची आणि कुळाला दरडावायचं, फेडल्याचा पुरावा तू आण, असा हा न्याय आहे.

मग आम्ही काय करतो? आडवाटेनं जातो. जनगणनेच्या भोकातून जे सांडलं ते दुसऱ्या दप्तरांत वेचतो.

पहिलं दप्तर कोतवालाचं. मध्य प्रांतात गावच्या कोतवालाकडे जन्ममृत्यूची वही असे. वही घेऊन तो ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात जाई आणि तिथं नोंद उतरत असे. कोतवाल बहुधा महार, बहुधा निरक्षर. त्याला वाचता न येणाऱ्या त्या वहीवर आज डॉक्टर, इंजिनिअर, जिल्हा परिषद सदस्य यांचं भवितव्य टांगलेलं आहे, आणि जनगणना आयुक्तांच्या सगळ्या ग्रंथसंपदेनं मिळून जेवढ्या माणसांना न्याय दिला नाही तेवढ्यांना या निरक्षर माणसानं दिला. हे मी मनापासून लिहितो आहे.

पण वही उघडून बघा. तारीख. बापाचं नाव. जात. पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बस. बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली, म्हणून बाळाचं नावच नाही. मृत्यूच्या रकान्यात ‘ताप’, ‘हगवण’, ‘देवी’. आता कार्यालय विचारतं, सोमाला 1938 मध्ये मुलगा झाला हे ठीक, पण तो तुमचाच आजा कशावरून? सोमाला दुसरा मुलगा नव्हता कशावरून? मग त्या दुसऱ्या मुलाची नोंद शोधा, तो लहानपणीच गेला असेल तर त्याच्या मृत्यूची शोधा. मेलेल्या बाळाचाही दाखला लागतो, जिवंत नातीला शिकता यावं म्हणून.

दुसरं दप्तर शाळेचं. आमच्याकडे त्याला दाखल-खारीज म्हणतात. इथं पोराचं नाव असतं, बापाचं असतं, जात असते. जन्मतारीख मास्तरांनी अंदाजे टाकलेली. अख्खी पिढी 1 जुलैला जन्मली, हे विदर्भातल्या कोणत्याही म्हाताऱ्याचं आधार कार्ड सांगेल. आडनाव मात्र बहुधा नाही. ‘गणपत वल्द सोमा, साकिन मौजा कोंढा’. पुढच्या वर्गात ‘गणपत सोमाजी’. नोकरीच्या कागदावर आडनाव चिकटलेलं. कोतवालाच्या वहीत ‘गनपत्या’. गावात शेंबड्या पोरालाही कळतं की हा एकच माणूस. कार्यालयात त्याचे चार होतात. चौघांनी एकच असल्याचं शपथपत्र द्यायचं, पण द्यायला चौघांपैकी कोणीच जिवंत नाही! वरून हे कागद कधी मोडीत, कधी हिंदी वळणाच्या देवनागरीत. भंडारा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबईत गेला, 1960 ला महाराष्ट्रात आला, 1999 ला त्यातून गोंदिया वेगळा झाला. प्रत्येक वाटणीत दप्तरांचे गठ्ठे हलले. माणूस जागचा हलला नाही, कागद मात्र राज्यं बदलत राहिले.

तिसरं दप्तर जमिनीचं. बंदोबस्ताची मिसल, जमाबंदी, अधिकार अभिलेख. मालगुजारी 31 मार्च 1951 ला संपली, त्याआधीच्या कागदांत मालगुजाराखालची कुळं नावानिशी सापडतात, पुष्कळदा जातीसकट. फार मोलाचे कागद. पण कोणासाठी? ज्याच्या नावावर तुकडा होता त्याच्यासाठी. वैनगंगेत जाळं टाकणारा ढिवर, दुसऱ्याची गुरं राखणारा गोवारी, हातमागावर बसलेला विणकर, कोणाच्याही बांधावर मजुरी करणारी बाई, यांची मिसलीत नोंद कशाला असेल? आणि शाळेत त्यांचं पोर गेलंच नसेल तर दाखल-खारीजही कोरं. म्हणजे जनगणना आणि कोतवालाची वही वगळली की उरलेलं प्रत्येक दप्तर वर बसलेल्याला ओळखतं आणि खालच्याला विसरतं. सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून मोजणारा कागद एकच होता. नेमका तोच फाडला.

यावर पंडित मंडळी म्हणतात, व्यक्तीचे कागद नसले तरी जनगणनेचे आकडे आहेत ना. आहेत. आणि त्या आकड्यांनी काय केलं तेही ऐका. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात गोवारी मोर्चात 114 माणसं चिरडून मेली. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं निष्कर्ष काढला की यादीतली ‘गोंड गोवारी’ जमात 1911 पूर्वीच नामशेष झाली होती, म्हणून गोवारी हेच ते. 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. एक जमात आहे की नाही, यावर शंभर वर्षांनी वकील भांडतात, जुने ग्रंथ आणि अहवाल चाळतात, आणि ज्या कागदांवर त्या माणसांनी स्वतः तोंडानं सांगितलेली जात होती ते कोणाच्याच हातात नसतात. पवनीच्या विणकरांनाही हे नवीन नाही. हलबा-कोष्टींचा, म्हणजे विणकर कोष्टी हे अनुसूचित जमातीतले हलबा आहेत का, हा वाद 28 नोव्हेंबर 2000 च्या निकालानं कायद्यापुरता मिटला, घराघरातला मिटलेला नाही. निकाल बरोबर की चूक, हा माझा विषय नाही. पुरावा नष्ट करणाऱ्याला कोणी कधी साक्षीला बोलावलं नाही, हा माझा विषय आहे.

आता म्हणाल, जुनी दप्तरं शोधायला माणसं लागतात, मोडी वाचणारे लागतात, पैसा लागतो, सरकार कुठून आणणार? कुठून आणतं ते आपण पाहिलं आहे. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला अख्खं राज्य कामाला लागलं. तहसील, शाळा, तुरुंग, भूमी अभिलेख, सगळीकडची कपाटं उघडली. मोडीचे जाणकार सापडले. लाखो नोंदी निघाल्या, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन चढले. उत्तम काम झालं, ज्यांच्या नोंदी निघाल्या त्यांना त्या मिळाल्याच पाहिजेत. पण मग इतकी वर्षं आम्हाला ‘रेकॉर्ड जीर्ण आहे’, ‘माणूस रजेवर आहे’, ‘किल्ली नाही’ हे जे ऐकवलं ते काय होतं? किल्ली होती. मोर्चा मोठा लागत होता. ढिवरांचा मोर्चा तेवढा मोठा निघत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

कुणबी नोंदींसाठी जे केलं ते सगळ्यांसाठी करा. प्रत्येक तहसीलमधली कोतवाल बुकं आणि प्रत्येक जुन्या शाळेची दाखल-खारीज रजिस्टरं पानन्‌पान स्कॅन करा, जात न बघता, आणि त्यांची सूची लावा. निदान 1950 च्या आधीच्या कागदांपासून सुरुवात करा, कारण वाळवी मोर्चाची वाट बघत नाही.

आणि पुढचं अधिक गंभीर. येणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. 1931 नंतर पहिल्यांदाच प्रत्येकाची जात मोजली जाणार आहे आणि माहिती मोबाइलवर भरली जाणार आहे. या वेळी रद्दीचं निमित्त नाही, जागेचं नाही, वाळवीचंही नाही. कलम 15 मध्ये एक दुरुस्ती पुरे. शंभर वर्षं कडेकोट बंद, कोणत्याही खात्याला, पोलिसाला, पक्षाला हात लावता येणार नाही, आणि शंभर वर्षांनी कुटुंबवार कागद पुराभिलेखागारात खुले. आमच्या खासदारांनी ही दुरुस्ती मागावी. मागत नसतील तर का नाही, हे जाहीर सभेत सांगावं.

तोवर वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या गावच्या शाळेत जा आणि सर्वांत जुनं दाखल-खारीज कोणत्या कपाटात आहे, पहिलं पान कोणत्या सालचं आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठं आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा. दुसरी प्रत नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि प्रत करून घ्या.