ओसरीवरून : बिऱ्हाड कोठे करावे?

गेल्या खेपेस आम्ही आंब्याच्या मोहोराविषयी लिहिले होते व त्याचा उत्तरार्ध ह्या अंकी देऊ असे आश्वासनही दिले होते. वाचकांनी क्षमा करावी. आमच्या घरात सध्या एक निराळाच विषय उपस्थित झाला असून ओसरीवर दुसरे बोलणे निघत नाही. आमच्या कुटुंबाने खर्डी सोडावी काय, आणि सोडावयाची तर बिऱ्हाड कोठे करावे, हा तो विषय होय.

गाव सोडण्याची कल्पना आमच्याकडे नवी नाही. १८६१ साली आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली आणि तेव्हापासून माणसे ह्या रुळांवरून खाली उतरतच आहेत. आमच्या आळीतील निम्म्या घरांस आज कुलुपे दिसतात. परंतु आमच्यावर हा प्रसंग आला तो गेल्या श्रावणात. मध्यरात्री आमच्या वडीलबंधूंच्या छातीत कळ आली. शेवटची गाडी निघून गेली होती आणि पाऊस तर नुसता कोसळत होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून दादांस प्रथम शहापुरास व तेथून ठाण्यास न्यावे लागले. पोहोचेपर्यंत उजाडले होते. दादा वाचले, मात्र घरी धाडताना डॉक्टरांनी आम्हांस बाजूस घेऊन सांगितले की, पुढच्या वेळी एवढा अवधी मिळेलच असे नाही.

ह्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या भाच्याचे पत्र आले. तो अमेरिकेत ओहायो प्रांतातील कोलंबस येथे असतो व त्यालाही नोकरीनिमित्त गाव बदलावयाचे आहे. शिकागोस जावे की मिनियापोलिसला, ह्याचे त्याने एक कोष्टकच मांडून धाडले होते. घरभाडे किती, कर किती, शाळा कशा, बर्फ किती, अशी घरे पाडून त्यांत गुण भरलेले. शिकागोस १९६९ पासून महाराष्ट्र मंडळ आहे म्हणून त्याला अधिक गुण. मिनियापोलिसला हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो म्हणून तेथील गुण कापलेले. आम्ही उभा जन्म मुलांस गुण देण्यात घालविला, परंतु गावांनाही गुण देता येतात हे आम्हांस ठाऊक नव्हते. आमच्या पुतण्यास मात्र ती युक्ती फार आवडली. त्याने एका पाठकोऱ्या पानावर कल्याण, डोंबिवली, बदलापूर, नाशिक आणि पुणे अशी पाच नावे लिहून रेघा मारल्या.

गुण देण्यास माप लागते. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिवचनांत एक श्लोक आहे. संस्कृत शिकलेल्या वाचकांस तो आठवेल. धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी आणि वैद्य हे पाच जेथे नाहीत तेथे एक दिवसही वस्ती करू नये, असा त्याचा आशय. हा श्लोक आम्ही तीसहून अधिक वर्षे वर्गात शिकविला. स्वतःच्या गावास तो लावून पाहण्याची बुद्धी मात्र त्या श्रावणातील रात्रीनंतर झाली. वैद्याच्या बाबतीत आमचे गाव सरळ अनुत्तीर्ण आहे. नदीचे म्हणाल तर आमच्याइतके भाग्यवान कोण? तानसेचे धरण १८९२ सालचे, मोडकसागर १९५७ चा, त्यामागून भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईचे नळ वाहतात ते ह्याच डोंगरांतील पाण्यावर. आणि चैत्र-वैशाख आला की ह्याच तालुक्यातील पाड्यांवर बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसतात. नदी असावी एवढेच चाणक्याने सांगितले. तिचे पाणी कोणाच्या घरी जाते हे विचारण्याची गरज त्याच्या काळी पडली नसावी.

असो. दादांचा ओढा नाशिककडे. वहिनींचे माहेर पंचवटीतले. हवा कोरडी, गाव सुमारे सहाशे मीटर उंचीवर, गंगापूरच्या धरणाचे पाणी, इस्पितळे पुष्कळ, आणि १८४० सालापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून तर आठएक किलोमीटरच्या बोगद्यातून घाट कळतही नाही, असे दादा सांगतात. (त्यांनी तो बोगदा अद्याप पाहिलेला नाही.) अडचण अशी की पुतण्याची नोकरी ठाण्यास. नाशिकहून रोज मुंबईस जाणारी माणसे आहेत. १९७५ पासून पंचवटी एक्स्प्रेस त्यांचेच ओझे वाहते. ती आमच्या खर्डीवरून न थांबता धडधडत जाते तेव्हा आतील पेंगणारे चेहरे आम्ही फलाटावरून अनेकदा पाहिले आहेत. घरातील कर्त्या मुलाने आपले सारे आयुष्य तसे काढावे, असे आम्हांस वाटत नाही.

पुण्याचे प्रलोभन आमचे स्वतःचे, कारण आमचा मुलगा तेथे आहे. वृद्धपणी संस्कृतज्ञास पुण्याहून बरे गाव कोणते? १९१७ साली स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर हाकेच्या अंतरावर असावे, हे आमचे तरुणपणचे स्वप्न होते. परंतु मुलाची जागा सातव्या मजल्यावर, सिंहगड रस्त्याकडे. २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात गियाँ-बारे नावाच्या मज्जातंतूंच्या विकाराची साथ उद्भवली आणि बोट दाखविले गेले ते पाण्याकडेच. सूनबाई कित्येक आठवडे पाणी उकळून पीत होत्या. १८७९ पासून खडकवासल्याचे पाणी पिणाऱ्या शहराचीही ही कथा. आम्ही पुण्याचे गुण स्वतःच्या हाताने कमी केले, आणि खरे सांगावयाचे तर त्याचे थोडे दुःखही झाले.

बदलापूर स्वस्त आहे. परंतु उल्हास नदी २००५ च्या २६ जुलैस त्या गावात शिरली, आणि २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली. शिवाय ते कर्जतच्या फाट्यावर. खर्डीस यावयाचे तर कल्याणास गाडी बदलणे आले. पुतण्याने स्वतःच त्यावर काट मारली.

डोंबिवलीवर पुतण्याचे मन होते, आणि त्याचे कारण आम्हांस कळते. पु. भा. भावे, शं. ना. नवरे ह्यांचे हे गाव. २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन येथे भरले. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची चाल येथूनच गावोगाव गेली. आपल्या चालीरीतींची माणसे शेजारी मिळतील, मुलांवर शुद्ध बोलीचा संस्कार राहील, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हे. परंतु त्याच गावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात भयंकर स्फोट होऊन माणसे दगावली. आणि डोंबिवलीस सकाळी गाडीत शिरणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभविले त्यासच ठाऊक. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या गाड्या एकमेकींजवळून जात असता दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले व त्यांतील काही प्राणांस मुकले. एक गाडी आमच्याच कसारा मार्गावरची होती. त्या दिवशी पुतण्याचा फोन लागेपर्यंत वहिनी देवघरातून उठल्या नव्हत्या.

उरले कल्याण. धूळ फार आणि रस्त्यांवर वाहनांची दाटी असह्य, हे मान्य. तथापि येथून सुटणाऱ्या गाड्या असल्याने पुतण्यास बसावयास जागा मिळेल; इस्पितळ रिक्षाच्या अंतरावर राहील; खर्डीची गाडी मध्ये न बदलता तासाभरात मिळते, म्हणजे शेताकडे आठवड्यातून एक फेरी होऊ शकेल. आणि १८६४ सालचे सार्वजनिक वाचनालय आहे, हे आम्ही हळूच जोडले.

कोष्टकाची बेरीज झाली, कल्याण पहिले आले आणि पुतण्या पेन खिशास लावून उठणार, इतक्यात त्याची पत्नी म्हणाली, “काका, त्या घरात दिवसभर राहणार कोण, ह्याचे घर ह्यात नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. ही मुलगी पदवीधर असून आमच्या ओसरीवर गावातील पंधरा-वीस मुलांच्या शिकवण्या घेते. पुतण्या नवाच्या सुमारास घरी येतो आणि पहाटे जातो. त्याला कोठलेही गाव म्हणजे एक बिछाना आणि एक स्टेशन. चार भिंतींत चोवीस तास काढावयाचे ते तिला, वहिनींना, दादांना आणि आमच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना. आम्ही चार पुरुष एकत्र बसून कोणास कोठली गाडी सोयीची पडेल हे ठरवीत होतो. चुलीपाशी कोणाचे दिवस कसे जातील हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही, आणि त्यांत वयाने व विद्येने थोर म्हणविणारे आम्हीही होतो.

तेव्हा कागद उलटा ठेवून आम्ही दुसरी गणती केली. कल्याणास परवडेल अशी जागा दोन खोल्यांची. तीत दादा, वहिनी, पुतण्या, सूनबाई आणि दोन मुले कशीबशी मावतील. आम्ही उभयता व आत्याबाई मागे राहून घर, विहीर आणि देव सांभाळू, असे आम्हीच सुचविले. नऊ माणसांचे एक ताट मोडून सहा आणि तीन करावयाचे, एवढाच त्या सुंदर कोष्टकाचा अर्थ निघाला. दादा झोपाळ्यावर बसून होते. “नव्या घरात कड्या असतात का रे?” एवढेच त्यांनी विचारले. त्यावर कोणी बोलले नाही.

मागील रविवारी मंडळी कल्याणास जागा पाहून आली. तळमजला आहे, पाणी दोन्ही वेळा येते, आणि ओटा म्हणता येईल अशी जागा दाराशी आहे. तेथे सात-आठ मुले सहज बसतील असे सूनबाई म्हणते. घरमालक सज्जन दिसला. माणसे किती राहणार, असे त्याने विचारले. पुतण्याने सहा म्हणून सांगितले. वहिनी तोवर गप्प होत्या, त्या पुढे होऊन म्हणाल्या, “सहा नव्हेत, नऊ. भाऊजींना आणि आत्याबाईंना आम्ही मागे ठेवणार नाही.” घरमालकाने दोन दिवसांत कळवितो म्हटले होते. आज पाचवा दिवस आहे. अद्याप निरोप नाही.