नाल्याकाठचे अळू

पहिला पाऊस पडला की नाल्याकाठी अळू माजते. पाने सुपाएवढी. कुणी लावत नाही, कुणी राखत नाही. फुकटची भाजी म्हणून वस्तीतल्या आयाबाया कापून आणतात, वड्या करतात, फदफदे करतात. या अळूविषयी भगिनींशी चार शब्द बोलावेत, असे आम्हांस वाटते.

नाल्यात नुसती घाण असती तर ती कुजून तिची माती झाली असती. पण वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारे कारखाने, जुन्या बॅटऱ्या फोडणारी भंगाराची दुकाने वा कातडी कमावण्याचा उद्योग असला, तर पाण्यातून शिसे, कॅडमियम, क्रोमियम येते. धातू कुजत नाही, शिजवून मरत नाही. तो फक्त जागा बदलतो.

पाणथळ वनस्पतींची करामत इथेच आहे. पाणकणीस, लव्हाळे, अळू यांची मुळे चिखलात. तिथे हवा नाही, म्हणून देठातल्या पोकळ जागांतून ती मुळांपर्यंत हवा पोचवतात. त्या हवेने चिखलातल्या लोखंडाला गंज चढून मुळांवर तांबूस लेप बसतो. पुष्कळ धातू त्या लेपात आणि मुळांतच अडकतो. जो आणखी आत शिरतो, त्याला फायटोकेलॅटिन नावाची द्रव्ये धरून ठेवतात. १९८५ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी ती शोधून त्यांना हे नाव दिले. मग तो धातू पेशीतल्या एका पिशवीत कोंडला जातो. विष कोठडीत, झाड हिरवेगार! झाडाची सोय झाली, खाणाऱ्याची नाही.

भात हेही पाणथळीतलेच पीक. जपानात तोयामा प्रांतात जिन्झू नदीचे पाणी भातशेतीला मिळे. नदीच्या वरच्या बाजूला कामिओकाची जस्ताची खाण होती. तिच्यातले कॅडमियम पाण्यातून शेतात आणि शेतातून ताटात आले. भातातल्या कॅडमियमला रंग नाही, वास नाही. हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडावी. पीडितांत बहुतेक बाळंतपणे सोसलेल्या प्रौढ शेतकरी बाया होत्या. रोगाचे नावच पडले ‘इताई इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली तिथल्या सरकारने कारण मान्य केले, १९७१ साली पीडितांनी खटला जिंकला. शेतांची माती बदलण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले होते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कारखान्याचा नाला मात्र आपल्या दारातून न मागता वाहतो.

तेव्हा अशा नाल्याचे अळू, पालक, माठ घरात आणू नये. पालेभाजीत हा साठा जास्त, शेंगभाजी-फळभाजीत सहसा कमी. पाने धुतली तर वरची धूळ जाते, तेवढे जरूर करावे. पण चिंच घालून खाज जाते, शिसे जात नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक आहे, कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठते. अळू हवेच असेल तर चांगली माती आणून जुन्या बादलीत लावावे. मोरीजवळ झकास येते. रंगाचा रिकामा डबा मात्र घेऊ नये.

राहिली जलपर्णी. तीही पाण्यातला धातू मुळांनी ओढते, हे तिचे उपकारच. पण नगरपालिका ती उपसून काठावरच ढीग मारते. ढीग कुजला, पाऊस आला, की धातू पुन्हा पाण्यात. त्याचे खत करून भाजीला घालणे तर त्याहून वाईट. ढीग कुठे नेणार, हे महिला मंडळाने नगरपालिकेला विचारावे. वरच्या कारखान्यांचे पाणी शुद्ध होऊन सुटते काय, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारावे. १९७४ चा जल प्रदूषण कायदा त्यासाठीच आहे. अर्ज लेखी द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.