बटणाला नाव द्या!

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. पूर्ण अंध असलेला एक विद्यार्थी आमच्या कार्यालयात संगणकापुढे बसला होता. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर त्याच्या कानात बोलत होते. नाव, पत्ता, गुण, सारे रकाने त्याने स्वतः भरले. शेवटी मात्र कानात एकच शब्द आला, 'बटण'. पुढे गेला, तर पुन्हा 'बटण'. अर्ज दाखल करण्याचे कोणते आणि पुसून टाकण्याचे कोणते? अखेर आमच्या कारकुनाने ते दाबले. अर्ज गेला, पण मुलाचा चेहरा उतरला.

यात तंत्रज्ञानाची अडचण काय होती? काहीच नाही! अभियंत्याने बटणावर चित्र काढले, पण कोडमध्ये त्याचे नाव लिहिले नाही. एका ओळीचे काम. रकान्याला नाव, चित्राला वर्णन, माऊसशिवाय कीबोर्डवर चालणारी मांडणी, ठळक दिसणारा रंगभेद, यांचे जागतिक निकष १९९९ पासून लिहून ठेवलेले आहेत.

अंध बांधव कोणाच्या दयेची वाट पाहत बसलेले नाहीत. ऑस्ट्रेलियातील अंध प्रोग्रामर मायकेल करन यांनी २००६ साली 'एनव्हीडीए' हे वाचक-सॉफ्टवेअर लिहायला घेतले. त्यांचे अंध सहकारी जेम्स टेह त्यात सामील झाले. बाजारातील अशी सॉफ्टवेअर अनेकदा संगणकापेक्षाही महाग होती. यांनी आपले जगाला मोफत दिले. पण लिहिलेलेच नसेल, तर वाचणारा वाचणार काय?

कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे, असे सांगते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निकाल दिला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना ऑनलाईन ओळख-पडताळणीत पापण्या मिचकावण्याची अट होती. ज्यांच्या पापण्याच जळाल्या, त्यांनी काय मिचकावायचे? ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला आणि वीस निर्देश दिले.

पण निकालपत्र बटणापर्यंत चालत जात नाही. तिथे अभियंत्यालाच जावे लागते. 'अंध ग्राहक आमच्याकडे येतच नाहीत', असे कंपन्यांत सांगितले जाते. दार बंद ठेवायचे आणि वर कोणी येत नाही म्हणायचे! हा युक्तिवाद आम्हाला नवा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तो ऐकला आहे.

म्हणूनच आज आयटी कंपन्यांत बसलेल्या आमच्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे. तुम्ही शिकलात, त्या खुर्चीपर्यंत पोहोचलात. आता तुमच्या हातून कोणासाठी दार बंद होऊ देऊ नका. काम सोपविण्यापूर्वी एकदा पडदा बंद करा आणि केवळ ऐकून अर्ज भरून पाहा. आणि चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. आपली पत्रके मोबाईलवर निव्वळ छायाचित्रे म्हणून फिरतात. अंध कार्यकर्त्याच्या कानी त्यातले अक्षरही पडत नाही. सोबत मजकूर टाईप करून पाठवायला कितीसा वेळ लागतो?

त्या मुलाला मदतनीस नको होता. त्याला बटणाचे नाव हवे होते. ते देणे उपकार नव्हे, त्याचा हक्क आहे!