टाळकरी कुठे गेला?

श्रावण तोंडावर आला की गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका निघू लागतात. पूर्वी त्या हातात पडत, आता मोबाइलवर येतात. त्यांतली एखादी नीट वाचून पाहावी. वर पांडुरंग आणि संत, त्याखाली सात-आठ कीर्तनकारांची फेटा बांधलेली छायाचित्रे, मग पुढारी, मग पंगतीचे अन्नदाते. 'थेट प्रक्षेपण' हे शब्द ठळक अक्षरांत. काकडा कोण म्हणणार, वीणेचा पहारा कोण देणार, हरिपाठ कोण चालवणार, हे शोधायला चष्मा लागतो. आणि टाळकरी? 'समस्त भजनी मंडळ' एवढ्यात तो आटोपलेला असतो.

टाळकरी आधी पत्रिकेतून गेला, मग मंडपातून जाऊ लागला आणि आता पडद्यावरूनही गेला आहे. तो गेल्यावर मागे जे उरते त्याला भाषण म्हणावे, कीर्तन म्हणू नये.

नारदीय कीर्तनात हरिदास पेटी-तबल्याच्या साथीवर एकटा आख्यान रंगवू शकतो. वारकरी कीर्तनाची घडणच वेगळी. बुवा अभंगाचे चरण सोडवतात, टाळकरी ते उचलतात, मृदंग त्याला उभा करतो, वीणेकरी सगळ्यांना धरून ठेवतो, आणि नामाच्या गजरात समोर बसलेला श्रोताही टाळी वाजवून त्यात शिरतो. इथे गाणारा आणि ऐकणारा अशी भिंत नाही. तुकोबारायांच्या मागे उभ्या राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांची आठवण संप्रदायाने आजवर जपली आहे. त्यांतल्या संताजी जगनाडे यांनी महाराजांचे अभंग लिहून ठेवले. म्हणजे ज्याच्या हातात टाळ होता त्याच्याच हाताने गाथा आपल्यापर्यंत आली. आज आपण पत्रिका छापताना ज्याला जागा देत नाही, तो हा माणूस.

आता 'ऑनलाइन कीर्तन', 'वेबिनार' यांचे निमंत्रण रोज येते. ज्यांनी त्यात बसून भजन करून पाहिले त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. पुण्यातला टाळ आणि नांदेडचा टाळ जुळत नाही, सगळा गोंधळ होतो. म्हणून पहिली सूचना मिळते, सर्वांनी आपापला आवाज बंद ठेवावा. एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी गप्प राहावे, हे यंत्राचे बंधन आहे. यंत्राला दोष देऊन काय उपयोग? आपल्या मंडपात तर असे काही बंधन नव्हते, तरी तिथेही आपण हेच करून ठेवले आहे. हजार खुर्च्या मांडल्या, समोर मोठा पडदा लावला, पहिल्या रांगेत कॅमेरा उभा केला आणि गावकऱ्याला प्रेक्षक करून टाकले.

यावर उत्तर ठरलेले आहे. काळ बदलला, मोठे नाव असल्याशिवाय गर्दी जमत नाही, आणि थेट प्रक्षेपणामुळे घराघरांत नाम पोहोचते. यातले शेवटचे वाक्य खरे आहे, ते मान्य करू. २०२० साली मंदिरे बंद होती आणि संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला न्याव्या लागल्या, तेव्हा याच पडद्याने अनेकांची एकादशी सांभाळली. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माउलीला, परदेशी नोकरीला गेलेल्या मुलाला त्याचा आधार आहे. तो काढून घ्या असे कोणी म्हणणार नाही. प्रवचनाला तर हे साधन चांगलेच लागू पडते, कारण तिथे मुख्य काम ऐकण्याचे. ज्ञानोबा माउलींनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे काय मागितले? अवधान. ते घरात बसूनही देता येते.

पण पडद्यावर अवधान कोण मोजतो? मोजले जातात ते पाहणारे. मग दोन तासांच्या कीर्तनातला मिनिटभराचा विनोद कापून सगळीकडे फिरतो. त्यात सुनेची टिंगल असते, शेजाऱ्याची नक्कल असते, अभंग मात्र नसतो. पुढच्या गावची कमिटी तोच तुकडा पाहून तारीख मागते. बुवाही शेवटी माणूसच, जे मागितले जाते ते तो देऊ लागतो.

तारखेबरोबर आकडा येतो. कीर्तन केले त्या ठिकाणचे अन्नही घेऊ नये, जनावरासाठी वैरणही मागू नये, इतके कडक पथ्य तुकोबारायांनी घातले, आणि पैसा घेणाऱ्याइतकाच देणाराही दोषी धरला. आळंदीत माधुकरी मागून शिकलेल्या तरुणालाही संसार आहे, गाडीला तेल लागते, हे कळते. गावाने आपणहून, झेपेल तेवढे द्यावे. पण आधी आकडा ठरवायचा, आगाऊ रक्कम पाठवायची आणि जमले नाही तर दुसऱ्या बुवाला फोन लावायचा, हा सौदा झाला. या सौद्यात पहिला वाटा देणाऱ्याचा आहे, म्हणजे आपला. वर्गणी आपली, कमिटी आपली, आणि मोठ्या नावाचा हट्टही आपलाच.

याचे मोल कोण देतो? सप्ताह सात दिवसांचा. उरलेल्या ३५८ दिवसांत त्याच मंदिरात संध्याकाळी हरिपाठाला किती जण असतात, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजावे. लाखो रुपयांचा मंडप पडला त्या गावात पखवाजाला हात लावणारे पोर नाही, काकड्याच्या चाली माहीत असलेले दोन म्हातारे, आणि मागे उभे राहायला टाळकरी शेजारच्या संस्थेतून गाडी करून आणलेले. ते दोन म्हातारे गेले की चालीही जातील. त्या कोणत्याही प्रक्षेपणातून परत आणता येणार नाहीत, कारण चाल गळ्यातून गळ्यात जाते आणि त्यासाठी शेजारी उभे राहावे लागते. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती पोरांना असे शेजारी उभे करण्यासाठीच.

म्हणून यंदाची पत्रिका छापण्याआधी कमिटीने थोडे थांबावे. फोटो सगळे काढून टाकावेत, बुवांचेही आणि पुढाऱ्यांचेही. त्या जागी गावातल्या टाळकऱ्यांची, मृदंग वाजवणाऱ्यांची, पहारेकऱ्यांची नावे घालावीत, बायाबापड्यांसह. निदान एक कीर्तन गावच्या किंवा पंचक्रोशीतल्या माणसाला द्यावे, अडखळला तरी चालेल. प्रक्षेपण करायचे तर कॅमेरा मागे ठेवावा आणि कीर्तन सबंध दाखवावे, तुकडे पाडू नयेत. शेवटच्या दिवशी जमाखर्च मंदिराच्या भिंतीवर लावावा. मंडपाच्या पैशातून पन्नास जोड टाळ आणि एक चांगला पखवाज घ्यावा, आणि ज्याला येते त्याने रोज संध्याकाळी अर्धा तास पोरांना शिकवावे.

गर्दी कदाचित कमी होईल. होऊ द्या. पन्नास माणसे टाळ घेऊन उभी राहिली तर पांडुरंगाला ती पुरे आहेत, पाच हजार खुर्च्यांवर बसून पाहणाऱ्यांची त्याला गरज नाही. पुढच्या वर्षी पत्रिका हातात आली की आधी एवढेच पाहावे, की तिच्यात आपले नाव कुठे आहे. अन्नदात्यांच्या यादीत असेल तर आनंदच. टाळकऱ्यांच्या यादीत नसेल, तर टाळ घ्यायला अजून वेळ आहे.

रामकृष्णहरि.