सापडले म्हणजे मिळाले नव्हे

आपल्याकडे विहिरीला पाणी लागले म्हणजे घरात गोडधोड होते. परंतु जगात असाही एक धंदा आहे की, ज्यात जमिनीच्या पोटात पाणी लागले म्हणजे कित्येक घरांतील बचत एका सकाळी आटून जाते. खनिज तेलाचा शोध घेणाऱ्या लहान कंपन्यांचा हा धंदा होय. आणि ही बचत असते त्या कंपन्यांचे शेअर मोठ्या आशेने घेणाऱ्या सामान्य माणसांची.

या सदरात आपण एरवी विमा, पोस्टातील ठेवी, घरकर्जाचे हप्ते अशा घरगुती गोष्टींचा विचार करतो. त्या मानाने हा विषय दूरचा वाटेल. परंतु तो तितका दूरचा राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २००४ साली ठरावीक मर्यादेपर्यंत परदेशी पैसा पाठविण्याची मुभा सामान्य नागरिकांना दिली, आणि परदेशी शेअरबाजाराचे दार आपल्या उंबरठ्यापर्यंत आले. शिवाय मोह हा परदेशी असो वा स्वदेशी, त्याचे रूप एकच असते.

प्रथम हे पाहू की, अशी कंपनी म्हणजे नेमके काय. मोठ्या तेल कंपनीजवळ चालू विहिरी असतात, शुद्धीकरणाचे कारखाने असतात, रोजची विक्री असते. तेलशोध करणाऱ्या लहान कंपनीजवळ बहुधा यांतले काहीच नसते. तिच्याजवळ असतो एखाद्या भूभागात वा समुद्रात शोध घेण्याचा सरकारी परवाना, भूगर्भाच्या सर्वेक्षणाचे नकाशे, चार जाणकार माणसे, आणि बँकेत थोडा पैसा. विक्री नाही, तेव्हा उत्पन्न नाही. पैसा संपत आला की कंपनी नवे शेअर काढते. तुमच्याजवळ हजारांपैकी शंभर शेअर असतील, तर कंपनीचा दहावा हिस्सा तुमचा. कंपनीने आणखी हजार शेअर इतरांस विकले की तोच हिस्सा विसावा होतो. तुम्ही काही विकलेले नसते आणि कुणी काही चोरलेलेही नसते. तरी पुढे लाभ झाला तर त्यातील तुमचा वाटा अर्धा झालेला असतो.

म्हणजे अशा कंपनीचा शेअर घेणारा माणूस तेल विकत घेत नाही. तो एक प्रश्न विकत घेतो. 'येथे तेल आहे काय?' हा तो प्रश्न. नव्या क्षेत्रातील पहिल्या विहिरीला यश येण्याचा संभव पुष्कळदा पाचांत एक किंवा त्याहूनही कमी मानला जातो. उत्तर मिळेपर्यंत भाव आशेवर चढत राहतो. उत्तर मिळाले की तो एका तासात कोसळतो, किंवा एका उडीत दुप्पट होतो. ज्याला उत्तराची वाट पाहण्याखेरीज काहीच करता येत नाही, त्याची ही गुंतवणूक नव्हे, पैज आहे.

याचे स्वच्छ उदाहरण दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांजवळ २०१० साली घडले. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापलीकडील ही बेटे ब्रिटनच्या ताब्यात आहेत. अर्जेंटिना त्यांवर आपला हक्क सांगते, आणि १९८२ साली त्यांच्यासाठी दोन्ही देशांत युद्धही झाले. बेटांच्या उत्तरेकडील समुद्रात १९९८ साली सहा विहिरी खणून पाहण्यात आल्या. तेलाच्या खुणा दिसल्या, पण उपसणे परवडेल असे काही हाती आले नाही. त्या वर्षी तेलाचा भावच पिंपाला दहा डॉलरच्या आसपास उतरला होता. मोठ्या कंपन्या माघारी गेल्या. लहान कंपन्या मात्र टिकून राहिल्या. त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्धीस आल्या : डिझायर पेट्रोलियम आणि रॉकहॉपर एक्स्प्लोरेशन. दोहोंचे शेअर लंडन शेअरबाजाराच्या, लहान कंपन्यांसाठी १९९५ साली उघडलेल्या, 'एम' नावाच्या विभागात विकले जात. डिझायर म्हणजे इच्छा. याच नावाच्या जहाजातून जॉन डेव्हिस हा इंग्रज खलाशी १५९२ साली या बेटांपाशी आला होता. पुढे घडले ते पाहता, कंपनीला याहून नेमके नाव शोधूनही मिळाले नसते.

स्कॉटलंडहून 'ओशन गार्डियन' नावाचे तरंगते विंधणयंत्र ओढून आणण्यात आले. अर्धे जग ओलांडून ते फेब्रुवारी २०१० मध्ये तेथे पोहोचले. ते भाड्याचे होते आणि अनेक कंपन्या आळीपाळीने वापरणार होत्या. पहिली पाळी डिझायरची. मार्चच्या अखेरीस तिने कळविले की, पहिल्या विहिरीत तेल-वायूच्या खुणा आहेत, पण त्यांचा दर्जा हलका असावा. त्या दिवशी शेअरचा भाव सुमारे निम्म्यावर आला. आशेने घेतलेल्या शंभर रुपयांचे एका दिवसात पन्नास झाले, असे समजा. घरच्या हिशेबाची एक कडू गंमत येथे ध्यानात ठेवावी : पन्नास टक्के घसरण भरून काढण्यास पन्नास टक्के वाढ पुरत नाही, शंभर टक्के लागते.

मग रॉकहॉपरची पाळी आली. ६ मे २०१० रोजी तिने 'सी लायन' या विहिरीत तेल सापडल्याचे जाहीर केले, आणि एका दिवसात तिच्या शेअरचा भाव दुपटीहून अधिक चढला. शेजारच्या कंपनीला तेल लागले म्हणून डिझायरच्या भागधारकांच्या आशाही पुन्हा पालवल्या. पुढील महिन्यांत 'ओशन गार्डियन'ने तिच्यासाठी आणखी विहिरी खणल्या. डिसेंबरच्या प्रारंभी कंपनीने कळविले की, पहिल्या मोजणीवरून एका विहिरीत तेल लागल्याचे दिसते. भाव चढला. काही दिवसांतच दुसरे निवेदन आले : वर काढलेल्या नमुन्यात तेल नव्हते, पाणी होते. भाव पुन्हा जवळजवळ निम्म्याने कोसळला.

यात कुणाची लबाडी होती असे समजण्याचे कारण नाही. समुद्रतळाखाली हजारो मीटर खोल काय आहे हे कुणी डोळ्यांनी पाहत नाही. उपकरणे खडकाचा विद्युत्‌रोध, घनता अशा गोष्टी मोजतात आणि त्यांवरून अनुमान काढावे लागते. खात्री होते ती नमुना वर आल्यावर. अनुमान आणि खात्री यांमध्ये चार दिवसांचे अंतर असते, आणि बाजार ते चार दिवस थांबत नाही. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी तेलासाठी रचली नव्हती. पण या प्रसंगाला ती तंतोतंत लागू पडते.

येथवरची गोष्ट ऐकून कुणी म्हणेल, 'डिझायरचे शेअर घेणारे फसले. रॉकहॉपरचे घेणारे शहाणे ठरले.' आमच्या मते या कथेतील खरा धडा रॉकहॉपरच्याच वाट्याला आहे. शोध खरा होता. पुढील विहिरींनी तो पक्का केला. तरीही २०२५ साल सरत आले तोवर त्या क्षेत्रातून विक्रीसाठी एकही पिंप तेल निघालेले नव्हते. का? तेल किनाऱ्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, सुमारे साडेचारशे मीटर खोल समुद्राखाली. जवळपास ना बंदराची सोय, ना नळ. ते उपसण्यासाठी अब्जावधी डॉलर हवेत, आणि कंपनी लहान. २०१२ साली प्रीमियर ऑइल ही मोठी कंपनी भागीदार म्हणून आली आणि साठ टक्के हिस्सा तिच्याकडे गेला. पुढे २०१४ पासून तेलाचे भाव पडले, २०२० मध्ये महामारीने पुन्हा पडले, आणि निर्णय पुढे पुढे ढकलला गेला. प्रीमियरच्या जागी आलेल्या कंपनीने २०२१ साली अंग काढून घेतले. दुसरा भागीदार शोधावा लागला. ज्या शेअरने २०१० मध्ये शिखर गाठले, त्याचा भाव २०२० साली त्या शिखराच्या दहाव्या हिश्श्याहूनही खाली होता. डिझायर तर नावानेही उरली नाही : २०१३ साली ती फॉकलंड ऑइल अँड गॅस या कंपनीत विलीन झाली, आणि ती कंपनी २०१६ साली रॉकहॉपरमध्ये.

अनुवादाचे काम करणाऱ्यास शब्दांचे वजन नित्य तोलावे लागते. म्हणून एवढे सांगावेसे वाटते की, या व्यवहारातले सारे मर्म आपल्या तीन साध्या क्रियापदांत आहे. तेल असणे, तेल सापडणे आणि तेल मिळणे. कंपनीच्या निवेदनात 'अंदाजित साधनसंपत्ती' असा शब्द आला, तर ते पहिल्या पायरीवर आहे : असेल, असा कयास. 'शोध लागला' म्हणजे दुसरी पायरी. आजच्या भावात, आजच्या साधनांनी, उपसून विकणे परवडेल अशा तेलालाच 'साठा' म्हणतात, ती तिसरी. घाईने वाचणारा पहिल्या पायरीवरचा आकडा उचलतो, त्याला पिंपाच्या भावाने गुणतो, आणि मनातल्या मनात श्रीमंत होतो.

सापडणे आणि मिळणे यांतले अंतर कमी असू शकते, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या मुंबई हाय क्षेत्रात 'सागर सम्राट' या जहाजाने १९७४ च्या फेब्रुवारीत तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. परंतु तेथे मागे उभे होते सरकार, समोर होती मुंबईसारखी बाजारपेठ, आणि अपयशी विहिरींचा खर्च साऱ्या देशाच्या तिजोरीवर विभागला जात होता. एका कुटुंबाच्या तिजोरीला तो भार पेलत नाही.

तेव्हा कुणी असा शेअर सुचविला, तर त्यास चार प्रश्न विचारावेत. कंपनीच्या हाती आज पैसा किती, आणि त्यात किती विहिरी होतील? तेल लागले तर त्यात कंपनीचा हिस्सा किती? एकूण शेअर किती आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत ते किती वाढले? तेल सापडल्यावर ते काढण्याचा खर्च कोण करणार? ज्याला या चारांची उत्तरे ठाऊक नाहीत, तो माहिती सांगत नसतो, आशा वाटत असतो. त्याने स्वतः शेअर घेतलेले असतील, तर त्याचा आग्रह अधिकच असेल. कारण एकट्याने केलेली आशा जड होते, आणि चौघांनी केली की ती खात्रीसारखी भासू लागते.

ज्यांनी मे २०१० पूर्वी रॉकहॉपरचे शेअर घेतले आणि त्याच वर्षी विकले, त्यांना अनेक पटींनी लाभ झाला हे खरे आहे. त्यांच्या कथा सांगितल्या जातात. ज्यांनी शिखरावर घेतले ते सहसा बोलत नाहीत. पुढेही कोठेतरी एखादी लहान कंपनी खरोखरच तेल काढील, आणि तिला पैसा देणारे लोकही लागतीलच. जो पैसा पूर्ण बुडाला तरी मुलांची फी, आजारपणाची तरतूद आणि महिन्याचे वाणसामान यांना धक्का लागणार नाही, तेवढाच पैसा तेथे जावा. आणि तो जाण्यापूर्वी घरातील दुसऱ्या जाणत्या माणसास, पत्नी असो, पती असो वा वडील असोत, मोकळेपणाने सांगावे. जी रक्कम घरात सांगण्याचा संकोच वाटतो, ती आपल्या ऐपतीबाहेरची आहे, असे खुशाल समजावे.